चंद्रभानची सुट्टी

अमरावती,
५ जानेवारी २०२५

प्रिय दीपमाला,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

आचल मजेत आहे. सकाळी क्लासला जाते. पोळ्या मीच लाटतो; ती त्यांना नकाशे म्हणते.

गुरुवारी समुपदेशनाच्या बाईंकडे एकटाच गेलो. बाकीचे निवृत्त फौजी बायकोसोबत आले होते. मागच्या खेपेस तू रडत विचारलंस, काहून बोलत नाही, आणि मी उठून बाहेर गेलो. त्यानंतर तू अकोटला माहेरी गेलीस, त्यात तुझं चुकलं नाही. बाई म्हणाल्या, तोंडानं जमत नसेल तर लिहा. म्हणून लिहून राहिलो.

तीन वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात मी आलो, ती सुट्टी माझ्या चौकीवरच्या चंद्रभानची होती. मी हात जोडले. तो म्हणाला, जा, माय पहा. नवव्या दिवशी चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. तो गेला हे तुला माहीत आहे. माझ्या जागी गेला, हे मी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून घरात हसलो तरी चोरी केल्यासारखं वाटतं.

उत्तराची घाई नाही. माया असू दे.

तुझा,
देवीदास


अकोट,
११ जानेवारी २०२५

आचलच्या बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. आता माझं ऐका.

सासूबाईंना टायफॉईड होता खरा, पण मी फोन केला त्या दिवशी ताप उतरला होता. डॉक्टर घरी न्या म्हणाले होते. मी तुम्हाला खोटंच सांगितलं, डॉक्टरांनी आशा सोडली. माझ्या भावाचं, अंकुरचं, लग्न पंधरा दिवसांवर होतं. प्रत्येक लग्नात बाया विचारायच्या, फौजी खरा हाय का फोटोतच हाय? मले तुम्ही मांडवात पाहिजे होते. बस, एवढ्यासाठी. तुम्ही आलात, आई उठून बसलेली पाहून देवापुढे नारळ फोडला, आणि तो प्रसाद मी घरोघर वाटला.

सुट्टी कोणाची होती, ते मी कधी विचारलं नाही. तुम्ही गप्प झालात तेव्हा मनात आलं होतं, पण विचारायची भीती वाटली. उलट बाईंसमोर तुम्हालाच दोष देत बसले.

लोभ ठेवा, असं कोणत्या तोंडानं लिहू?

तुमची,
दीपमाला


अमरावती,
२० जानेवारी २०२५

दीपमाला,

तुझं पत्र वाचलं आणि गाडी काढून बडनेऱ्यापर्यंत जाऊन आलो. राग आला. अजून आहे. गुरुवारी ते बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी तुला बोल लावला नाही, मलाही सोडलं नाही. इतकंच विचारलं, चंद्रभानच्या बायकोला हे माहीत आहे का?

पौर्णिमाताई अंजनगावला राहतात. तीन वर्षांत मी त्यांच्या दारात गेलो नव्हतो. काल गेलो. सगळं सांगितलं, तुझंही. त्या किती तरी वेळ तुरीच्या शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, तुमच्यासाठी थांबले, हे त्याईनं मले फोनवर सांगितलं होतं. तुमी कधी येता, तेच पाहून राहिली होती. बायकोले घेऊन या. हे रागानं म्हणाल्या की मायेनं, मला कळलं नाही.

तुला माफ केलं, असं आज लिहवत नाही. १ फेब्रुवारीला, शनिवारी, दहा वाजता अंजनगावच्या स्टँडवर थांबतो.

देवीदास


अकोट,
२५ जानेवारी २०२५

आचलच्या बाबांना,
सा. न. वि. वि.

पहिल्या एसटीनं निघते. माफीचं घाईनं लिहू नका. पौर्णिमाताईंसमोर काय बोलायचं ते अजून जुळलेलं नाही, पण आधी मी बोलेन. अडखळले तरी तुम्ही मधे पडून सांभाळून घेऊ नका. फक्त जवळ बसा.

तुमची,
दीपमाला