निळी बादली

नंदुरबार, सोमवार, संध्याकाळ

सांडपाणी प्रकल्पावरचा पंप आज पुन्हा खरखरला. आत गोगलगायी अडकल्या असणार. सवयीनं हाक मारली, "आबा, पंप बंद करा." मग आठवलं. पंप सांभाळणाऱ्या आबांना जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही.

जाळी खरवडताना जिवंत गोगलगायी ते निळ्या बादलीत टाकायचे आणि मागच्या नाल्यात सोडून यायचे. "त्यासले बी जीव शे, माय." मी चिडायचे. त्याच नाल्याचं पाणी आपल्याकडे येतं, आबा, त्या परत येणार. ते नुसते हसायचे.

आज जाळीतल्या गोगलगायी मारून टाकायला चुन्याच्या खड्ड्याशी उभी राहिले, पण हात धजला नाही. निळी बादली घेऊन नाल्यावर गेले.

येतील परत. त्या तरी येतील.