तुझ्या नावाचं सदर

प्रिय भटक्या,

तुला बरं वाटेल असं आधी सांगते. तुझं भटकंतीचं सदर हल्ली वाचकांना फार आवडतं. एका निवृत्त मास्तरांनी कळवलं, की तुमची भाषा अलीकडे चांगलीच मुरली आहे, पूर्वीचा पाल्हाळ राहिला नाही. ते वाचून मी टेबलावर डोकं टेकवलं. हसतेय की रडतेय, ते शेजारच्या क्रीडापानवाल्यालाही कळेना. कारण तू नाहीसा झाल्यापासून ते सदर मी लिहिते आहे.

संपादकसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. म्हणाले, सीमेवरच्या कुठल्यातरी टोळीनं त्याला पळवलंय, बोलणी चालू आहेत, बाहेर कळलं तर ते त्याला जिवंत ठेवणार नाहीत. सदर बंद पडलं की लोक विचारणार. तू त्याची बायको, त्याचा मजकूर इतकी वर्षं तूच कापतेस, तूच लिही. मी लिहिलं. तुझ्यासारखी दर वेळी हवेपासून सुरुवात केली. ज्या ‘असो’वर मी संसारभर लाल पेन चालवलं, तोच ‘असो’ परिच्छेदाच्या शेवटी गुमान ठेवला. तू असतास तर घर डोक्यावर घेतलं असतंस.

आईंनाही काही सांगितलं नाही. त्या दर रविवारी भिंग घेऊन तुझं सदर वाचतात आणि घडी घालून उशाशी ठेवतात. फोन करत नाही मेला, पण लिहितोय म्हणजे धड आहे, असं म्हणतात. आमचं सासू-सुनेचं इतकं कधी पटलं नव्हतं. मी हल्ली उलटून बोलत नाही, एवढंच.

मग तुझा ड्रायव्हर आला. मागच्या दारानं, दाढी वाढलेली. पाठीला भिंत लागेल असा स्वयंपाकघरात बसला. टोळीबिळी काही नव्हती, वहिनी, म्हणाला. लष्कराच्या नाक्यावर गाडी अडवली, भर दुपारी. आमच्या साहेबांचं, म्हणजे तुझं, पूर्ण नाव विचारलं, ओळखपत्र पाहिलं आणि जीपमध्ये घातलं. ड्रायव्हरला चार तडाखे देऊन, तोंड बंद ठेव म्हणून सोडून दिलं. आता तो बायकापोरांसह सरहद्दीपलीकडे पोचला आहे, म्हणून हे लिहायची हिंमत करते.

मी तडक संपादकसाहेबांकडे गेले. त्यांनी आश्चर्याचं सोंगही केलं नाही. मला पहिल्यापासून माहीत आहे, म्हणाले, पण उद्या पेपरचा परवाना काढून घेतला तर इतक्या जणांच्या चुली कोण पेटवणार? आणि ते लोक चिडले तर हाल त्याचेच होतील. या शेवटच्या वाक्यानं मला बांधून टाकलं. चीड आली, साहेबांची आणि स्वतःचीही. तरी परत येऊन लिहायला बसले.

गेल्या रविवारी आई मोठ्यानं वाचत होत्या. मध्येच एक वाक्य आलं, जे मी लिहिलेलं नव्हतं. नाक्यावरच्या जवानांनी आपुलकीनं विचारपूस केली आणि थंडगार पाणी दिलं, असं तुझ्या नावानं छापलं होतं. साहेबांनी मागाहून घातलेलं. आई म्हणाल्या, बघ, उगाच नावं ठेवतात लोक, किती भली माणसं आहेत. त्यांनी हात जोडले रे. ज्यांनी तुला नेलं, त्यांच्यासाठी तुझ्या आईनं हात जोडले.

मला ते सोसलं नाही. सगळं सांगून टाकलं. त्या बराच वेळ भिंग पदरानं पुसत राहिल्या. मग विचारलं, ते पाण्याचं तू लिहिलंस? मी नाही म्हटलं. मग खोडून टाक, म्हणाल्या. छापलेलं खोडता येत नाही, आई, मी म्हटलं. तर म्हणाल्या, मग दुसरं छाप.

आज साहेबांनी रविवारच्या पानावर सही केली. सही झाली की पान छापखान्याला पाठवणं माझ्याकडे, हे तुला ठाऊकच आहे. तुझ्या फोटोखाली हवेचं काहीबाही होतं, ते मी काढलं. त्या जागी हे पत्र लावते आहे. याचा तुला उपयोग होईल की त्रास, मला माहीत नाही. भीती वाटते. तू आहेस तिथे तुला पेपर मिळत नसेल, पण तुला डांबणाऱ्यांना नक्की मिळतो. आपलं पान तेच सगळ्यात बारकाईनं वाचतात. तर त्यांनीही वाचावं आणि सगळ्या गावानं वाचावं, की तू हरवलेला नाहीस, तुला नेलं आहे, कुणी नेलं ते आम्हाला माहीत आहे, आणि तुझी आई वाट बघते आहे. जागा संपली. या खेपेला मी एकही ओळ कापलेली नाही.

तुझीच,
लाल पेनवाली