साय न धरणारं दूध

प्रिय आई,

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. आमच्या शेडचा ड्रायव्हर गाडी घेऊन तिकडेच निघालाय, म्हटलं त्याच्या हाती चार ओळी द्याव्यात. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेव्हा सावकाश वाच. माझ्या पायाला भिंगरी आहे, कुठल्याच कामावर टिकत नाही म्हणतेस ना? तर ऐक, मोटारी रंगवायच्या या कामात जीव रमलाय. मागे एक दार मी एकट्याने रंगवलं, तर मिस्त्री त्यात स्वतःच्या मिशा बघत म्हणाला, 'आता पळून नको जाऊस म्हणजे झालं.'

तुझी किती धावपळ होतेय ते धाकटी बहीण फोनवर सांगते. तुझ्या सुनेला या साथीच्या तापाने धरलं तशी तू माझ्या छकुलीला उचलून पुढच्या खोलीत आणलंस. भाजी साबणाने धुतलीस, नाणी धुतलीस, आणि सुनेने वाटीत काढून दिलेलं अंगावरचं दूधसुद्धा उकळलंस! हे सांगताना धाकटी हसून लोळत होती. साय धरली नाही म्हणून तू म्हणालीस, 'तापाने दुधातला जीवच गेला,' आणि डब्यातली पावडर सुरू केलीस. मीही हसलो, पण तुझ्या जागी मी असतो तर पाळणासुद्धा उकळला असता.

मग परवा लस टोचायला इथे नर्सबाई आल्या. रांगेत सगळी पोरं, आणि मी दंड उघडा करून विचारतोय, बाळंतिणीला ताप असेल तर बाळाला पाजावं का? मागून एकजण ओरडला, 'का रे, तुला पाजायचंय का?' सगळी शेड खिदळली. नर्सबाई म्हणाल्या, 'लाजतोस काय, बाप झालास ना? नीट ऐक.' आजार श्वासातून, खोकल्यातून जातो, दुधातून जात नाही असंच आजवर दिसलंय म्हणे. आईने नाकातोंडावर मास्क बांधायचा, हात साबणाने धुवायचे आणि खुशाल पाजायचं. उलट त्या दुधातूनच बाळाला लढायचं बळ मिळतं. आईला दम लागत असेल, ती फार गळून गेली असेल, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवायचं. सायीचं सांगितलं तेव्हा त्यांनाही मास्क सांभाळत हसू आवरेना. 'आईला सांग, त्या दुधाचा चहा करायचा नाहीये!' मला त्यांचं म्हणणं पटकन उमगलं, कारण आमचंही तसंच. रंगाचा फवारा हवेत उडतो, म्हणून नाक बांधतो, हात घासतो आणि मग डबा खातो. रंगाला भिऊन जेवण कुणी सोडत नाही.

तू पाठवलेला फोटो मिस्त्रीलाही दाखवला. छकुली तुझ्या मांडीवर कशी राणीसारखी पसरलीय! तुझ्या हातात ती आहे म्हणून मी इथे निवांत झोपतो, हे अगदी खरं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण आपल्याकडे फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा लावलेला असतो, आणि चारचौघांत तुला काही सांगावं एवढा मी मोठा झालेलो नाही. तुझ्या सुनेने तुझी तक्रार केलेली नाही. 'आईंनी बाळाला छान सांभाळलंय,' एवढंच म्हणते. ताप उतरला तरी ती अजून मागच्या खोलीतच आहे. तिच्या फोनवर फार खोदून विचारलं तेव्हा एवढंच बोलली, की पुढच्या खोलीत छकुली रडली की इकडे तिचा ब्लाउज भिजतो, आणि आता तोही कमी भिजायला लागलाय. दूध आटलं तर परत आणणं जड जाईल, असं नर्सबाई म्हणाल्या. ती तुझ्याकडे बाळ मागणार नाही, आई. म्हणून मी मागतोय. हे वाचून झालं की ऊठ, छकुलीला तिच्या कुशीत दे आणि तूही मास्क बांधून दाराशी बस. पहिलटकरीण आहे, बावरेल. कसं धरायचं ते तिला तुझ्याइतकं नीट कोण सांगणार?

तुझाच,
भोवरा