लाडकी आमच्याकडे राहत नाही

डहाणू,
बुधवार

ती. जयश्रीताई यांना दशरथचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? तेल सुरू ठेवा. इकडे मी ठीक आहे. चिकू पाठवणार होतो, पण पिकलेले वापीपर्यंत टिकत नाहीत आणि कच्चे पाठवले की तुम्ही बोलता, म्हणून राहिले.

रविवारी तुम्ही फोनवर एकदम विचारलेत, "दशरथराव, ही लाडकी कोण?" त्यावर मी "पत्र लिहितो" म्हणून फोन ठेवला, याचा तुम्हाला राग आला असेल. फोनवर मला बोलता येत नाही हे तुम्ही तीस वर्षे पाहता आहात. (तुमची बहीण सरला असताना माझ्या वतीने तीच बोलायची.) तर सगळे क्रमाने लिहितो.

सरला तलासरीकडच्या झरी गावाच्या पुढच्या शाळेत आठवीला मराठी शिकवायची तेव्हा दरवर्षी मुलांकडून एक कादंबरी वाचून घ्यायची आणि कादंबरीतल्या माणसांना पत्रे लिहायला लावायची. नुसती वहीत नाहीत, खरोखर तिकीट लावून, पेटीत टाकून. पत्ता आमच्या घरचा. मग ती त्या त्या माणसाच्या नावाने उत्तरे लिहायची आणि मी तिकिटे चिकटवायचो. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म गेल्यामुळे तेवढे मला चांगले जमते. आत काय लिहिले आहे ते मी कधी विचारले नाही.

तिला जाऊन आता पाच महिने झाले. तिच्या जागी सुदर्शन सर म्हणून तरुण शिक्षक आले आहेत. त्यांना शाळेच्या कपाटात सरलाची टाचणवही मिळाली आणि त्यांनी ती शब्दशः पाळली, पत्त्यासकट. गेल्या महिन्यात माझ्या दारात सव्वीस पत्रे आली. निम्मी 'सुक्याकाका, द्वारा दशरथ चुरी' आणि निम्मी 'लाडकी, द्वारा दशरथ चुरी'. (लाडकी ही त्या कादंबरीतल्या होडीवाल्याची मुलगी, सुक्या तिचा काका.) आमचा नवीन नावाचा पोस्टमन जिना चढत नाही, खालूनच ओरडतो. "काका, लाडकीची आज सात आहेत!" तिसऱ्या दिवशी समोरच्या नीलमताई कढीचे पातेले घेऊन आल्या आणि पातेले माझ्या हातात देताना माझ्या खांद्यावरून आतल्या खोलीत बघत म्हणाल्या, "भाऊ, दोघांना पुरेल ना?" मी "पुरेल" म्हणालो. मला वाटले, दोन वेळांना म्हणत आहेत. तुमच्यापर्यंत बातमी तिथूनच पोचली असणार.

आता उत्तरांचे. आलेल्या पत्राला तीन दिवसांत उत्तर हा माझा नोकरीतला नियम. म्हणून सरलाच्या टेबलावरची कादंबरी काढली. आयुष्यातली पहिलीच. पान एकशे बारापर्यंत वाचली आणि लिहायला बसलो. सुनील नावाच्या मुलाने सुक्याला विचारले होते, वादळात भीती वाटते का? मी लिहिले, "आपले पत्र मिळाले. भीती वाटते. हवामान खात्याचा इशारा पाहूनच निघावे." गंगी नावाच्या मुलीने लाडकीला विचारले होते, त्या बागवाल्याच्या मुलाशी लग्न करणार का? त्यावर "सदर बाब विचाराधीन आहे" असे कळवले. सुक्याकाका, तुम्ही होडी घेऊन गेलात ते परत कधी येणार, असे तर नऊ जणांनी विचारले होते. नऊही जणांना मी लिहिले की मी सुखरूप आहे, होडीची डागडुजी चालू आहे, सध्या मुक्काम डहाणू.

ताई, सुक्या पान एकशे एकतीसवर बुडतो.

हे मला सुदर्शन सरांच्या फोनवरून कळले. म्हणाले, "काका, चाचणीत प्रश्न होता, सुक्याचा शेवट कसा झाला? नऊ जणांनी लिहिलंय की तो डहाणूत राहतो. पुरावा म्हणून पत्र जोडलंय. मार्क देऊ की नको?" वर्गात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो पुस्तक खोटे, दुसरा म्हणतो पोस्ट खोटे. सरांनी मला शनिवारी शाळेत बोलावले आहे, सुक्याचे नेमके काय झाले ते मुलांना समजावून सांगायला. भरल्या वर्गासमोर. मला.

एवढेच असते तर निभावले असते. पण सोमवारी बुधी नावाच्या मुलीचे पत्र आले. ते जसेच्या तसे उतरवतो. "सुक्याकाका, तुम्ही बुडालात तरी तुमचे पत्र आले. म्हणजे तिकडे पोस्ट आहे. आमच्या सरलाबाईंना माझी निबंधाची वही दाखवायची राहिली. त्यांचा पत्ता पाठवा. लवकर."

आज तिसरा दिवस. अजून उत्तर लिहिलेले नाही.

घरी सगळ्यांना नमस्कार. लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
दशरथ

ता. क. पुढची पाने वाचायची का राहिली ते वर लिहिले नाही. एकशे बारावर सरलाची खूण आहे, तलासरीच्या एसटीचे तिकीट. या वेळी ती तिथपर्यंतच पोचली होती. तिच्या पुढे जाणे मला बरे वाटले नाही. पण शनिवारी मुले विचारतील तेव्हा सांगावे लागेल. तेव्हा शुक्रवारी येऊन जाल का? येताना चष्मा आणा. एकशे बाराच्या पुढे तुम्ही मोठ्याने वाचा, मी ऐकतो. स्टेशनवर मी येईन. जिन्यात नीलमताई भेटल्या तर आधी आपले नाव सांगा, नाहीतर लाडकी आली म्हणून गॅलरी भरेल.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी बुधीचे उत्तर लिहिले, दोन्ही बरोबरच टाकतो. लिहिले की सुक्याकाका बुडाले, पुस्तक बरोबर आहे. पत्र मी लिहिले होते, मी बाईंचा नवरा. बाईंचा पत्ता माझ्याकडेही नाही. शनिवारी वही घेऊन ये. मला निबंधातले काही कळत नाही, पण पूर्ण वाचीन आणि खाली तारीख घालून सही करीन.