घसाच नाही त्याला

प्रिय गोरख,

फोन असताना ताईने कागद का काळा केला म्हणून हसशील. हस बाबा. पोशेऱ्यात तसं ठीक आहे. नागलीचं रोप तरारलंय, आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात.

ठाण्याच्या कंपनीत तू यंत्रांना बोलायला शिकवतोस, हे आम्ही गावभर मिरवलं. दिवाळीत आईच्या फोनात तुझ्याच आवाजात बोलणारं ते यंत्र घालून दिलंस, तिला करमावं म्हणून. यंत्र आहे हे तिला ठाऊक होतं, पण आत कुठेतरी तू ऐकत असशील असंच ती धरून चालली. तुला वेळ मिळेना, ते मात्र कधी कंटाळेना. तुझे फोन कमी होत गेले आणि आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. आता फार वाटतं रे.

कवळीच्या सणाला नवी रानभाजी देवाला दाखवून सगळं घर मिळून खातं, त्याआधी कुणी तोंडात घालत नाही. येशील ना, असं आईने त्या यंत्राला विचारलं. नक्की येईन, म्हणालं. ती दुपारपासून फाट्यावर एसटीची वाट बघत बसली. मी समजावून थकले.

रात्री एकटीच घरी परतल्यावर तिने त्याला विचारलं, शेवळांच्या भाजीत खाज मारायला काकडाची आंबट फळं घालायची राहिली तर खाशील का? आवडीने खाईन, म्हणालं. तसली भाजी खाऊन तू लहानपणी घसा धरून अंगणभर नाचला होतास, मग शेवळं दिसली की पळायचास. ज्याला घसाच नाही त्याला खाज काय नि आवड काय, असं आई म्हणाली. आपली शेळीसुद्धा नको तो पाला हुंगून तोंड फिरवते. ह्याला नको म्हणावंसं कधी वाटतच नाही, मग त्याच्या होकाराला काय अर्थ? त्या दिवसापासून ते यंत्र तिने बंद ठेवलंय.

काल तू स्वतः फोन केलास. कवळी विसरलो म्हणताना तुझा गळा दाटला, मला शेजारी बसून ऐकू आलं. आईने शेवटपर्यंत ऐकलं आणि फोन ठेवत म्हणाली, "हा पन तोच हाय." मी परोपरीने सांगितलं, शपथ घातली, तिला पटत नाही. आता तू फोनवर कितीही रडलास तरी तिच्या लेखी ते यंत्रच रडणार. म्हणून हा कागद. मिळाल्याबरोबर नीघ आणि तिच्यासमोर उभा राहा. तिच्याशी भांडलास तरी चालेल.

तुझीच,
रंजाताई