मुळगावचा लोखंडी वाफा

मास्तर, काल नातीला घेऊन म्हापशाला वाफा बघायला गेलो होतो. वाफा बघायला म्हणजे कुणाच्या शेतात नव्हे, दुकानात. हल्ली लोखंडाचे वाफे तयार मिळतात, तुम्हाला खरं वाटणार नाही. पर्वरीला तिचं नवं घर आहे, मागे चार पावलांचं अंगण, आणि त्यात तिला तांबडी भाजी आणि मिरच्या लावायच्या आहेत, त्याही वाकावं न लागता. दुकानात ओळीनं मांडून ठेवले होते, हिरवे, राखी, पांढरे, सगळे चकचकीत. पहिल्याच्या काठावर मी अंगठा दाबला तर पत्रा आत गेला आणि सोडल्यावर टक् करून बाहेर आला. दुसऱ्याला बोटाच्या पेरानं ठोकलं, तिसऱ्याला ठोकून कान लावला. दुकानदार म्हणाला, "आजोबा, नारळ निवडताय काय?" नात माझी बाही ओढत म्हणाली, "आजो, हळू. लोक बघतायत." शेवटी कोपऱ्यातला एक मला पटला. जाड पत्रा, हात कापू नये म्हणून काठ दुमडलेला, ओल्या मातीनं पोट सुटू नये म्हणून मधोमध आडवी सळई, आणि वरचा जस्ताचा मुलामा किल्लीनं ओरखडला तरी न निघणारा. नातीनं आत डोकावून पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं. "याला तळच नाही. आजो, हा फुटका आहे." मला हसू आलं ते थांबेचना. दुकानदारानं पाणी आणून दिलं. येताना गाडीत ती विचारत राहिली, एवढं काय झालं म्हणून. तिला अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं तुमचं आहे, म्हणून हे लिहायला बसलोय.

डिचोलीच्या शाळेतला तुमचा वर्ग मला अजून उजव्या कानानं आठवतो, कारण माझी जागा तुमच्या टेबलाच्या डाव्या हाताला होती आणि तुम्ही लघु-गुरू शिकवताना पेरानं टेबल ठोकायचा. आधी ठोका, मग शब्द. भुजंगप्रयात आम्ही आधी लाकडात ऐकला आणि नंतर कवितेत. कुणी कविता म्हणायला उभं राहिलं की तुम्ही डोळे मिटून घेता. चूक झाली की डोळे उघडत नाही, फक्त एक बोट वर करता, आणि म्हणणाऱ्याला तिथल्या तिथं कळतं की पाय घसरला. तुमच्या लाल शाईतून कधी कुणाची वही सुटली नाही. मला एकदाच, नववीत, पूर्ण कविता झाल्यावर तुम्ही म्हणालात, "बस. ऐकली." तेवढ्यावर मी महिनाभर हवेत चाललो. आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर मी शाळा सोडून खाणीवरच्या गॅरेजात लागतो म्हणून सांगायला आलो, तेव्हा तुम्ही फळा पुसत होता. पाठमोरेच म्हणालात, "लोखंडाला कान नसतात रे. तिथं कविता कुणाला म्हणून दाखवशील?" मास्तर, ते वाक्य मी डब्याबरोबर रोज कामावर नेत असे. फिटर झालो, वेल्डर झालो, खनिज वाहणाऱ्या टिपरचे हौदे बांधण्यात माझा हात धरणारा आसपासच्या खाणींवर कुणी राहिला नाही. तरी मनात एक होतंच, की तुमच्या वहीत मी नापासच आहे.

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षीची गोष्ट. तुम्ही निवृत्त होऊन मुळगावला घरी होता. वैशाखातल्या एका दुपारी गॅरेजच्या दारात छत्री टेकत उभे राहिलात. मी टिपरखाली आडवा. तुमच्या वहाणा दिसल्या आणि मी ओळखल्या. उठून उभा राहिलो तर हात तेलानं काळे, नमस्कार कसा करावा कळेना. तुम्ही खिशातून कागद काढलात आणि विद्यार्थ्यानं अडलेलं गणित दाखवावं तसा माझ्यापुढे धरलात. कागदावर एक लांबट पेटी काढली होती, शाईनं, शिवाय पट्टी लावून. मागच्या पावसात खाणीचा गाळ ओढ्यातून चढून तुमच्या परसात शिरला होता आणि वाळल्यावर त्याचा तवा झाला होता. भेंडीचं बी रुजेना, काकडीचा, आपल्या तवशीचा, वेल चढेना. गणपतीच्या डोक्यावर आपण फळं-भाज्यांची माटोळी बांधतो, तिच्यासाठी आदल्या चतुर्थीला तुम्हाला पहिल्यांदा बाजारातून तवशी आणावी लागली. "विकत आणलेली तवशी टांगली," तुम्ही म्हणालात, "आणि आरती म्हणताना माझं वर बघायला मन होईना. जमिनीवर आता काही व्हायचं नाही. वर उचलूनच लावायला हवं. माझे गुडघेही वाकत नाहीत. तर लोखंडाचं करता येईल काय, ते तुला विचारायला आलो." मला विचारायला. मी हात कपड्यांना पुसून कागद घेतला, आणि लगेच भीती वाटली, कारण आता जे करीन ते तुम्ही तपासणार.

तुमचा विचार छपराच्या पन्हाळी पत्र्याचा होता. मी म्हटलं, "मास्तर, तो छपरावर ठीक. ओली माती बाजूला रेटते, दुसऱ्या पावसाला पोट सुटेल." मोडीत काढलेल्या टिपरांचे फाळके, हौद्याच्या बाजूंच्या जाड प्लेटा, गॅरेजमागे गवतात पडून होते. साहेबांनी खुशाल ने म्हटलं आणि मी तुम्हाला तिकडे घेऊन गेलो. वरून सगळे सारखेच, तांबडे, पोपडे आलेले. मी हातोडी घेतली आणि एकेक ठोकत गेलो. चांगली प्लेट घंटेसारखी बोलते. गंजानं आतून खाल्लेली असली की आवाज तिथं बसतो. तुम्ही दोन-तीन ठोके ऐकलेत, छत्री माझ्याकडे दिलीत आणि डोळे मिटून घेतलेत. मी ठोकतोय, तुम्ही ऐकताय. चौथ्या फाळक्याच्या मध्यावर आवाज बसला आणि तुमचं बोट वर गेलं.

"यतिभंग," तुम्ही म्हणालात.

"हो मास्तर. बाद."

वरून ऊन, समोर गंजकं लोखंड, आणि आपण दोघं त्यातली चांगली ओळ शोधत होतो. सहा फाळके पास झाले. त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना मी सायकलवर मोठ्यानं कविता म्हणत गेलो. पाळी गावच्या चढावर लोक वळून बघत होते.

वाफा बांधायला मला पंधरवडा लागला, कारण मी तो दागिन्यासारखा बांधला. आठ फूट बाय चार, कोपऱ्यांना अँगल, काठ गोल वळवून घासलेला, मधे दोन आडव्या सळया, बाहेरून रेड ऑक्साइडचे दोन हात. तळाच्या वेळी माझा हात थोडा अडखळला होता, हे खरं. पण माझ्या हाताखाली सावंतवाडीकडचा एक वेल्डर होता, तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "तळ नाय तर हौदो कसलो? माती काय हवेत रवतली? लोक म्हणतले, खाणीवरच्यांका काम येणा नाय." मलाही ते पटलं. आयुष्यभर हौदेच बांधलेले. बिनतळाचा हौदा गॅरेजबाहेर पाठवायची लाज वाटली असती. तेव्हा तळ घातला, आणि असा घातला, असा सलग सांधला की त्यात पाणी ओतून बघितलं तर थेंब गळला नाही. त्याचंही मला कौतुकच वाटलं.

टिपरवर चढवून आम्ही सात जणांनी तो मुळगावला आणला आणि कोपऱ्यांना चिऱ्यांचे चार-चार थर रचून त्यांवर बसवला, तुमच्या कमरेइतका उंच. निम्मा गाव बघायला जमला. घटक राज्याची आणि राजभाषेची चर्चा दारोदार चालू होती, तुम्ही मराठीच्या बाजूनं वर्तमानपत्राला पत्रं लिहायचा आणि घरात बायकोशी, आमच्या काकींशी, कोकणीतून भांडायचा. त्या दिवशीही वाफ्याभोवती कुणीतरी तो विषय काढला आणि तुम्ही तावातावानं बोलू लागलात. काकी शेणखताची पाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भेंड्यांक खंयची भास कळटा ती सांग आदीं, मागीर वाद घाल." सगळे हसले, तुम्हीही. मग तुम्ही वाफ्यावर तळहात ठेवून, वर्गात ठेवायचा तसा आवाज लावून सांगितलंत, "हे माझ्या विद्यार्थ्यानं केलंय." मी फाळक्याचा काठ पुसत राहिलो. पुसण्यासारखं काही नव्हतं.

आषाढात चार दिवस पावसानं उघडीप दिली नाही. पाचव्या दिवशी रविवार होता, म्हटलं भेंडी कुठवर आली बघू या. मागच्या बाजूनं आलो तर काय दिसावं? पाऊस धो धो कोसळतोय, काकी तुमच्या डोक्यावर छत्री धरून उभ्या आहेत, आणि तुम्ही धोतर गुडघ्यापर्यंत खोचून वाफ्यातलं तांबडं पाणी करवंटीनं उपसून बादलीत ओतताय.

"मास्तर, हे काय करताय?"

तुम्ही दचकलात. करवंटी पाठीमागे घेतलीत. "काही नाही रे. भेंडीला जरा पाणी घालतोय."

त्या पावसात. पाणी. काकींना राहवलं नाही. "उदक घालता म्हणटा! पंदरा दीस जाले, सकाळीं-सांजे उदक काडटा. तुका सांगचें न्हय म्हूण माका सोपूत घातला."

पंधरा दिवस तुम्ही ते पाणी उपसलं होतंत, न वाकणाऱ्या गुडघ्यांनी, आणि मला कळू नये म्हणून काकींना शपथ घातली होतीत. मी वाफ्यात बघितलं. माझ्या त्या थेंब न गळणाऱ्या सांध्यांनी तुमच्या परसात तळी बांधली होती. भेंडीची रोपं पिवळी पडून माना टाकून उभी. ज्यांनी माझा एक ऱ्हस्व कधी सोडला नाही, त्यांनी एवढी मोठी चूक झाकून ठेवली होती. मला ती लाल शाई हवी होती, मास्तर, त्याक्षणी. तुम्ही दिली नाहीत. एवढंच म्हणालात, "सगळ्या गावाला सांगून बसलो होतो ना, तू केलंस म्हणून."

मी तसाच गॅरेजात गेलो आणि हातानं फिरवायचं ड्रिल घेऊन आलो. चिऱ्यांच्या मधे चिखलात उताणा पडलो आणि खालून भोकं पाडू लागलो. प्रत्येक भोक पडलं की गार, तांबडी धार थेट तोंडावर. तुम्ही ओणवे होऊ शकत नव्हता, तरी छत्री तिरपी करून माझ्या डोक्यावर धरायचा प्रयत्न करत होता, आणि त्यामुळे छत्रीचंही पाणी माझ्याच कानात येत होतं. "किती झाली?" "बारा." "लांब-लांब घाल रे, एका जागी नको." "मास्तर, भोकं मला पाडू द्या." मग वरून हळूच ऐकू आलं, "बरं." बाविसावं भोक पडलं तेव्हा वाफा सगळीकडून सारखा ठिबकत होता. मी चिखलातून उठलो तर काकींनी मला परसातच उभं करून बादलीनं धुतलं, म्हशीला धुतात तसं.

चतुर्थीला तुम्ही मला घरी बोलावलंत. माटोळीच्या मधोमध वाफ्यातलीच तुमची तवशी, आणि दोन्ही बाजूंना सात शिरांची भेंडी, हातभर लांब. आरतीला तुम्ही मान वर करून उभे होतात. मीही देवाकडे कमी आणि वरच जास्त बघत होतो. लोखंडात माझा हात चांगला होता हे मला माहीत होतं. पण माझ्या लोखंडानं धरलेलं काही देवाच्या डोक्यावर टांगलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. छाती अजून तशीच भरून येते, आज या वयातही, सांगायला लाज वाटत नाही. पुढे तुम्ही होता तोवर दर वर्षी माटोळी घरचीच बांधलीत, आणि तुमच्यानंतर काकींनीही.

पण त्या दिवशी पानावर बसल्यावर तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून पाहुण्यांना म्हणालात, "याचे वडील आजारी पडले, म्हणून शाळा सुटली याची. परिस्थितीनं नेला खाणीवर. नाहीतर आज माझ्या खुर्चीवर हा असता." पाहुणे हळहळले. मी मान खाली घालून खीर संपवली. मग जन्मभर, जिथं जिथं भेटलो तिथं तुम्ही तेच सांगायचात आणि मी तशीच मान खाली घालायचो.

हा कागद मी नातीला दाखवणार नाही, आणि तुमच्यापर्यंत तो जाणार नाही, म्हणूनच हात चालतोय. माझे बाबा आजारी नव्हते, मास्तर. धडधाकट होते. शिक रे म्हणून त्यांनी माझ्यापुढे हात जोडले होते. शाळेच्या वाटेवर गॅरेजचं कुंपण लागायचं, आणि रोज मी तिथं उभा राहून घणाचा आवाज ऐकायचो, वेल्डिंगचा तो निळा उजेड बघायचो, तुमचा पहिला तास बुडेपर्यंत. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी बाबांना आजारी पाडलं. पुढे खरं सांगता आलं असतं, पण तुम्ही माझ्यासाठी हळहळायचात ना, त्यात मला मोठं झाल्यासारखं वाटायचं. परिस्थितीनं मला कुठंही नेलं नव्हतं. मी उड्या मारत गेलो होतो.