चादरी अडवणाऱ्या मंत्रीणबाईंना

प्रिय आफी,

काल तुमच्या दूतावासात शोकपुस्तिकेत लिहायला गेले. माणशी दोन ओळी! माझ्या आधीच्यांनी 'थोर नेत्या', 'दूरदृष्टीच्या व्यापारमंत्री' असं काय काय लिहिलेलं. मी नुसती सही करून आले. तुझ्याशी भांडायचंय, ते दोन ओळींत कसं मावणार?

अगं, मंत्री व्हायला तुला सांगितलं कुणी होतं? पश्चिम आफ्रिकेतून पहिल्यांदा आलीस तेव्हा रिकाम्या बॅगा आणि 'भैया, लास्ट प्राइस' एवढीच हिंदी होती तुझ्याजवळ. पानिपतच्या माझ्या शिवणशेडमधून चादरी नेल्यास, तिकडे फुटपाथवर विकल्यास. मग दुकान झालं, मग स्वतःचा शिवणकारखाना. दिल्लीत आलीस की सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरमध्येच उतरायचीस, वरणभाताबरोबर हिरव्या मिरच्या चावत बसायचीस. चांगलं चाललं होतं की, यार!

निघताना दर वेळी मी तुझी ओटी भरायचे. तुला पदर नाही, तर डोक्याचं फडकं सोडून पसरायचीस आणि वर 'नारळ मोठा दे' म्हणून हक्काने मागायचीस.

आणि मंत्री होऊन आलीस तेव्हा? हॉटेलात, सगळ्या सूटबूटवाल्यांसमोर मी खण-नारळ पुढे केला, तर चक्क मागे सरलीस! "वसू, मंत्र्याला व्यापाऱ्याकडून काही घेता येत नाही." ओटी म्हणजे काय लाच असते गं? हातात तांदूळ घेऊन मी बावळटासारखी उभी. इतकी चिडले होते, की न जेवता घरी आले.

त्यावर कडी केली तुझ्या कायद्याने. बाहेरून येणाऱ्या शिवलेल्या चादरींवर एवढा कर बसवलास, की माझा माल तिकडे कुणी उचलेना. फोन केला तर म्हणालीस, "नुसतं कापड पाठव, शिवायला माझ्या बायका आहेत." आणि माझ्याकडे काय भुतं शिवत होती? शेडमधल्या निम्म्या बायकांना घरी बसवावं लागलं मला. सगळ्यात जुनी कमलेश, जाताना मशीनवर कव्हर घालून गेली. मला बघवलं नाही. तुला हे सांगितलं, तर कमलेश आता काय करते, ते विचारलंस. कायदा मात्र बदलला नाहीस!

आज सकाळी तुझ्या लेकीचा, आमाचा फोन आला. दुकान आता ती बघते. म्हणाली, "आंटी, मोठी ऑर्डर देते. चादरी शिवूनच पाठवा, कागदावर फक्त कापड लिहा. कर वाचेल. सगळे तेच करतात." खरं सांगते, मन चळलं. त्या एका ऑर्डरीत माझ्या सगळ्या बायका परत आल्या असत्या. आणि माझ्या तोंडून निघालं काय? "तुझ्या आईचा कायदा आहे तो. बिल्कुल जमणार नाही." मेलीस तरी माझ्या धंद्याच्या आड येतेस, बये!

पोरगी फोनवर रडायला लागली. मग मीही रडले.

तर आता ऐक. आमाला मी कापडाची ठाणंच्या ठाणं पाठवीन, एक टाका न घातलेली. कागदावर असेल तेच गठ्ठ्यात असेल. शिवू देत तुझ्या बायका. माझ्या बायकांसाठी मी इथलीच गिऱ्हाइकं शोधीन, दारोदार फिरेन, पण कमलेशला परत बोलावीन. तू चुकलीस, हे मात्र मरेपर्यंत म्हणत राहीन. "नाही वसू, माझंच बरोबर होतं" असं समोरून म्हणणारं आता कुणी नाही, याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

तुझ्यावर अजून रुसलेली,
वसू